सोमवारपासून

कुणाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाला तपकिरीचा असतो, कुणाला दुसऱ्याची पत्रे वाचण्याचा असतो. मला शाळकरी वयात वेळापत्रके करण्याचा नाद होता. अभ्यास करण्याचा नव्हे. तसा गैरसमज माझ्या मास्तरांचा कधी झाला नाही, वाचकांनीही करून घेऊ नये. मला नाद होता तो अभ्यासाची वेळापत्रके करण्याचा. ह्या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे ज्याने दोन्ही करून पाहिल्या आहेत त्याला सांगायला नको.

कागदाची आमच्याकडे ददात नव्हती. वडील सातारच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला एस.टी.ची पहिली गाडी सुटली, आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच वडील त्या खात्यात चिकटले. जुने, निकामी झालेले पाठकोरे छापील तक्ते ते घरी आणीत. त्या कागदांच्या पाठीवर मी माझ्या आयुष्याची आखणी करीत असे. पुढल्या बाजूला सातारा-मेढा, सातारा-कोरेगाव, सातारा-पंढरपूर. मागल्या बाजूला गणित, भूमिती, संस्कृत. लाल-निळ्या पेन्सिलीने रकाने पाडायचे, पट्टीने दुहेरी रेघ मारायची, कोपऱ्यात वेलबुट्टी काढायची. वेलबुट्टीला जो वेळ लागे तेवढ्या वेळात भूमितीची चार प्रमेये सहज पाठ झाली असती. पण ती करायला अजून वेळापत्रक लागू कुठे झाले होते?

त्या वेळापत्रकात मी पहाटे साडेचारला उठे. साडेचार ते पावणेपाच प्रातर्विधी, पावणेपाच ते पाच व्यायाम, पाच ते साडेसहा गणित. रात्री साडेनऊ ते पावणेदहा ‘आत्मपरीक्षण’. आत्मपरीक्षणाला पंधरा मिनिटे पुरतात असे त्या वयात वाटत असे. एका वेळापत्रकात तर मी जेवायचे विसरलो होतो. ते भिंतीवर खळीने चिकटवून मी अभिमानाने उभा असताना आई पदराला हात पुशीत आली, तिने बोट ठेवीत ठेवीत सगळा कागद वाचला आणि विचारले, “हे सगळं ठीक आहे रे, पण पानावर कधी येऊन बसणार आहेस?”

माझी सारी वेळापत्रके सोमवारी सुरू होत. त्यात एक मोठी सोय होती. वेळापत्रक बुधवारी तयार झाले, तर गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवार हे चार दिवस निर्वेध मिळत. एरवी उनाडताना मनाला जी थोडी टोचणी लागते, तीही ह्या चार दिवसांत लागत नसे. कारण सोमवारपासून मी एक निराळाच मनुष्य होणार होतो. त्या होणाऱ्या मनुष्याच्या भरवशावर हा असलेला मनुष्य गोट्या खेळत असे.

मग सोमवार येई. पहाटे साडेचारला मी खरोखर उठे. पाच ते साडेसहा गणितही होई. शाळेतून परतेपर्यंत सारे सुरळीत चाले. आणि मग कोरेगावहून मामा येत, किंवा शेजारचा बाळू पतंग घेऊन दारात उभा राही, किंवा काहीच न होता नुसती झोप येई. पाच ते साडेसहा इतिहास असायचा, तो सव्वासहाला सुरू होई. सव्वासहाला इतिहास सुरू झाला की वेळापत्रक मोडले! आणि मोडलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वागण्यात काय अर्थ? अंगरख्याला डाग पडला की पोराला जसा चिखलात लोळायचा परवाना मिळतो, तसा मला उरलेल्या आठवड्याचा परवाना मिळे. मंगळवारी कागद भिंतीवरून उतरे. बुधवारी नवा कागद, नवी वेलबुट्टी. पुन्हा सोमवारपासून.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही असे पुढे पुष्कळ वर्षांनी कळले, तेव्हा थोडे हायसे वाटले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या काही विद्यार्थ्यांना विचारले होते, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? त्यांनी सांगितलेल्या दिवसांची सरासरी होती सुमारे ३४. बरे, सगळेच विघ्नांनी भरले तर किती लागतील? सुमारे ४९. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसही ओलांडले! म्हणजे विघ्नांचा हिशेब धरूनसुद्धा ही मुले आठवडाभर मागेच पडली. दूरदेशीच्या त्या अनोळखी पोरांविषयी मला एकदम बंधुभाव वाटला. एस.टी.च्या पाठकोऱ्या कागदावर वेलबुट्टी काढणारा सातारचा पोरगा त्यांच्या पंक्तीत सहज बसला असता.

परंतु १९७४ साली हे संशोधन झालेले नव्हते, आणि झालेले असते तरी माझ्या सहामाहीच्या गुणपत्रकावर त्याचा उपयोग झाला नसता. गणितात शंभरांपैकी तेवीस!

ते वर्ष साधे नव्हते. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन नवी दहावीची परीक्षा येत होती, आणि संक्रमणाच्या त्या साली, म्हणजे १९७५ मध्ये, अकरावीची मुले आणि दहावीची मुले दोन्ही परीक्षेला बसणार होती. बाळू जुन्या अकरावीत, मी नव्या दहावीत. दोघांच्या घरी चिंता एकच: एवढी पोरे पास होऊन बाहेर पडल्यावर कॉलेजात जागा कुणाला मिळणार? चांगले गुण असणाऱ्यांचीच जिथे ही भीती, तिथे तेवीसवाल्याचे काय?

दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी काका आमच्याकडे आले. गुणपत्रक त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले, जणू पाठीमागे आणखी काही गुण असतील, आणि वडिलांना म्हणाले, “अण्णा, उगीच ओढाताण कशाला करतोस? डेपोत तुझी ओळख आहे. हेल्पर म्हणून चिकटवून दे. पाने-हातोडे हातात आले की सुधारेल.”

डेपोतले काम हलके, असे माझे तेव्हाही मत नव्हते आणि आजही नाही. परंतु वडिलांची इच्छा निराळी होती. त्यांना स्वतःला सातवी होऊन शाळा सोडावी लागली होती, कारण घरात खाणारी तोंडे सात आणि मिळवते एक. मी कॉलेजात जावे हे त्यांनी कधी तोंडाने बोलून दाखवले नव्हते. पण सातारा-पुणे गाडीला ते कधी कधी ‘कॉलेजची गाडी’ म्हणत, तेवढ्यावरून ओळखायचे. काकांच्या बोलण्यावर ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी गुणपत्रकावर सही केली, टोपी डोक्यावर ठेवली आणि ते ड्यूटीवर निघून गेले. ते रागावले असते तर मी रात्री निवांत झोपलो असतो.

दिवाळीत एस.टी.वाल्यांना सुट्टी नसते. जगाची दिवाळी म्हणजे त्यांच्या जादा गाड्या. नरकचतुर्दशीला वडील पहाटे तीनला पहिली आंघोळ उरकून स्टँडवर गेले होते. आम्हां पोरांची उटणी लागली, फुलबाज्या झाल्या, आणि आठच्या सुमाराला आईने पितळी डब्यात चकल्या, शंकरपाळे, दोन अनारसे भरून मला स्टँडवर धाडले. नोव्हेंबरातली सातारची थंडी. अजिंक्याताऱ्यावर धुके तसेच बसलेले. मी नवा शर्ट घातला होता आणि तेवीस गुण मनात घेऊन चाललो होतो.

स्टँडवर मुंगीला शिरायला वाव नव्हता. बोचकी, पोरे, नवी लुगडी, कोंबड्या, आणि त्या साऱ्यांच्या वरून वडिलांचा आवाज: कोरेगाव, रहिमतपूर, कराड! मी त्यांच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला आत घेतले, डबा उघडला, एक चकली मोडून तोंडात टाकली. मग समोरच्या काळ्या फळ्याकडे बोट दाखवून एकाएकी म्हणाले,

“ही मेढ्याची बघ. सातची यायची, अजून पत्ता नाही. कुठेतरी पंक्चर होऊन बसली असेल. आता पुढची मेढा साडेआठची. तिचं काय करू?”

मला प्रश्नच समजला नाही. मी म्हणालो, “काय म्हणजे? ती साडेआठला सोडायची.”

“सातची आली नाही तरी?”

“सातचीचा साडेआठशी काय संबंध? तिची वेळ तिची.”

“असं?” वडिलांनी दुसरी चकली मोडली. “मी म्हणतो, सातची चुकलीच आहे तर सगळा फळाच पुसून टाकावा. आणि ह्या लोकांना सांगावं, वेळापत्रक मोडलं, आता घरी जा. नवीन रंगीत फळा करतो. सोमवारी या.”

मी हसू लागलो. “अण्णा, लोक तुम्हांला मारतील!”

“मारतील ना? आणि बरोबर करतील,” वडील म्हणाले, आणि हसले नाहीत.

मग माझेही हसू विरले. भिंतीवरून उतरलेले माझे सारे कागद हा मनुष्य वर्षभर वाचीत होता हे माझ्या लक्षात आले. वेळापत्रके वाचणे हाच तर त्यांचा व्यवसाय होता.

तेवढ्यात पंढरपूरची गाडी लागली, गर्दी तिकडे धावली, त्यांना शिट्टी फुंकीत बाहेर जावे लागले. परत आल्यावर त्यांनी घाम पुसला आणि अर्धवट राहिलेले बोलणे, गाडी पुढे काढावी तसे, पुढे सुरू केले.

“दुसरं. पुण्याची गाडी रस्ता मोकळा असला तर फळ्यावरच्या वेळेच्या आधी येते. मग आम्ही फळ्यावर जास्त वेळ का लिहितो? मध्ये खंबाटकीचा घाट आहे. घाटात एखादा ट्रक आडवा होतो, बैलगाडी लागते. तो वेळ आधीच धरलेला असतो. तुझ्या कागदावर साडेसहाला गणित संपतं आणि साडेसहालाच संस्कृत सुरू होतं. घाट कुठे धरलायस?”

मी गप्प राहिलो.

“आणि तिसरं. लेट झालेल्या ड्रायव्हरला मी कधी म्हणत नाही की वाटेत भरून काढ. घाटात वेळ भरून काढायला गेलेल्या गाड्या कुठे जातात ते मला ठाऊक आहे. बुडालेला वेळ बुडाला. पुढची गाडी वेळेवर सुटली पाहिजे.” एवढे बोलून त्यांनी डब्याचे झाकण लावले. “अनारसे आईला सांग चांगले झालेत. जा आता.”

त्यांनी खाल्ल्या होत्या त्या दोन चकल्या. अनारशांना हातही लावलेला नव्हता.

हे बोलणे एवढ्यावरच संपले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. वडिलांना उपदेश करण्याची सवय नव्हती, आणि मला तो ऐकण्याची नव्हती. म्हणूनच कदाचित तो आत शिरला.

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवा कागद घेतला. वेलबुट्टी नाही, लाल-निळी पेन्सिल नाही. पाचच ओळी लिहिल्या. पहाटे एक विषय, आणि तो गणित. संध्याकाळी एक विषय. रात्री शाळेत झाले असेल ते एकदा पाहायचे. मध्ये अर्धा अर्धा तास मोकळा, त्याच्यापुढे मी ‘घाट’ असे लिहिले. रविवारी दुपारी आठवड्यात राहिलेले. झाले! व्यायाम नाही आणि आत्मपरीक्षणही नाही. तो दिवस सोमवार नव्हता, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी.

हे वेळापत्रक मोडले नाही असे म्हणालो तर खोटे होईल. ते पहिल्याच आठवड्यात तीनदा मोडले. परंतु ते भिंतीवरून उतरले नाही. संध्याकाळचा भूगोल बाळूच्या नादाने बुडाला की मी चडफडत असे. पण रात्रीची गाडी रात्रीच्या वेळी सुटे. पहाटेचे गणित झोपेने खाल्ले की संध्याकाळी इतिहासच काढीत असे, गणित नव्हे. प्रथम प्रथम हे फार अवघड गेले. बुडाल्यावर उरलेले सोडून देणे किती सुखाचे असते! बुडाल्यानंतरही उरलेले करीत राहणे ह्यात अभिमानाला काही जागाच नसते. अर्ध्यामुर्ध्या, कळाहीन, डाग पडलेल्या आठवड्यांचीच ती चार महिन्यांची चळत. पण डिसेंबराच्या अखेरीला एका पहाटे भूमितीचे एक प्रमेय मला कुणी न शिकवता सुटले, आणि मी स्वतःकडेच संशयाने पाहू लागलो.

आता त्या पहाटांविषयी.

आमच्याकडे एक गजराचे घड्याळ होते, हिरव्या रंगाचे, वर दोन घंटांची शिंगे असलेले. ते आईच्या उशाशी असे. वडील बहुधा दुसऱ्या पाळीला असत आणि मध्यरात्र उलटून घरी येत. दोनच खोल्या; गजर वाजत राहिला तर त्यांची झोपमोड व्हायची. म्हणून गजर वाजला की आई तो चटकन बंद करी आणि मला हलवून म्हणे, “वाजला रे गजर. साडेचार झाले. ऊठ.” मी असा काही झोपलेला असे की गजर माझ्या कानावर कधी आलाच नाही.

मी उठून कंदिलासारख्या पिवळ्या चाळीसच्या दिव्याखाली बसे. आई बंब पेटवी, चहा करी, आणि मग पुन्हा झोपायला न जाता माझ्यासमोर ताटात तांदूळ घेऊन निवडत बसे. भूमिती तिला येत नव्हती. पण पाच-दहा मिनिटांनी मान वर न करता ती म्हणे, “बराच वेळ पान उलटलं नाहीस.” मी दचकून डोळे उघडी. एकाच पानावर पुष्कळ काम असते, भूमितीत तसेच असते, असे मी तिला समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, “मग पेन्सिलीचा आवाज तरी येऊ दे.” एवढ्या तांदळात एवढे खडे कसे निघतात, असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला. पेपरात नाव येण्याजोगे काही घडले नाही. पहिला वर्ग अवघ्या चार गुणांनी चुकला. पण गणितात मी चांगला पास झालो होतो. काकांनी पेढे आणले, सातारचे कंदी पेढे, आणि ते स्वतःच जास्त खाल्ले. वडील म्हणाले, “कॉलेजची गाडी सकाळी पावणेसातची.” बस, इतकेच.

पुढे बँकेत नोकरी करीत असताना अँथनी ट्रॉलप ह्या इंग्रज कादंबरीकाराचे आत्मचरित्र वाचनात आले. ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली निघाले. टपालखात्यात नोकरी केलेला हा गृहस्थ सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहून गेला. रोज पहाटे साडेपाचला टेबलापाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द. मोठमोठ्या टीकाकारांना ही कारकुनी आवडली नाही. माझे लक्ष मात्र निराळ्याच जागी अडकले. ट्रॉलपला पहाटे उठवायला एक म्हातारा मोतद्दार होता. ह्या कामासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तो कॉफी घेऊन यायला कधी चुकला नाही, आणि आपल्या यशाचे ऋण इतर कुणाहीपेक्षा त्याच मनुष्याचे अधिक असेल, अशी कबुली ट्रॉलपने दिली आहे. सत्तेचाळीस कादंबऱ्यांवर नाव ट्रॉलपचे. पण त्यांच्यासाठी त्याच्याही आधी अंथरुणातून उठत होता तो म्हातारा.

आणि इंग्लंडात कशाला जायचे? आमच्या सातारच्याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत राहायला गेले. एकच खोली, तीत सारा संसार. चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे की वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहत, दोनला त्याला अभ्यासाला उठवीत, आणि मग आपण आडवे होत. १९०७ साली तो मुलगा मॅट्रिक झाला. त्या अंधाऱ्या खोलीतल्या बापाचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. मुलाचे वेळापत्रक दोन वाजता सुरू होई. बापाचे त्याच्या आधीच सुरू झालेले असे.

हे वाचले तेव्हा मला आमच्या हिरव्या घड्याळाची आठवण झाली नाही, हे कबूल केले पाहिजे. ती झाली १९८८ साली. वडील सेवानिवृत्त झाले होते आणि आम्ही वाड्यातली जागा सोडणार होतो. सामान आवरताना फडताळात ते घड्याळ सापडले. जुनी वस्तू, दुरुस्त करून ठेवावी म्हणून मी ते मोती चौकाकडे एका घड्याळजीकडे नेले. त्याने पाठ उघडली, भिंग डोळ्याला लावले आणि म्हणाला, “चालायचं यंत्र ठीक आहे, तेल घातलं की चालेल. पण गजराची कमान तुटलीय.”

“पडून पडून तुटली असेल,” मी म्हणालो.

“छे, आताची नाही. जोर लावून पिळलीय कुणीतरी. तुटल्या जागी गंज बघा केवढा चढलाय. कैक वर्षं वाजलेला नाही हा गजर.”

मी घड्याळ घेऊन घरी आलो. आई जुन्या पातेल्यांची मोजदाद करीत बसली होती. मी विचारले, “आई, ह्याचा गजर कधी बिघडला गं?”

ती आठवू लागली. “अरे, तुझ्या मॅट्रिकच्या वर्षीच की. दिवाळीत ताईने खेळताना पिळपिळ पिळला आणि खट्‌कन वाजलं काहीतरी. पहिली तारीख झाली की दुरुस्त करू म्हणत म्हणत राहूनच गेलं.”

“दिवाळीत? मग मला रोज उठवायचीस कशी? वाजला रे गजर म्हणून सांगायचीस ना?”

“तसं सांगितल्याशिवाय तू उठला असतास?” ती हसली. “नुसती आई म्हणाली ऊठ, तर पोरं कूस बदलतात. घड्याळाचं ऐकतात.”

“पण तुला कशी जाग यायची? अण्णा येणार एक वाजता, त्यांचं जेवण होऊन तू निजणार दोनला!”

तिने हातातले पातेले खाली ठेवले. ह्यात विचारण्यासारखे काय आहे, असा तिचा चेहरा झाला.

“गजर कशाला लागतो? तुला उठवायचं असायचं, मग जाग येतेच.”

चार महिने. सुमारे सव्वाशे पहाटा. मी माझ्या चिकाटीची गोष्ट म्हणून हे चार महिने मित्रांना, हाताखालच्या कारकुनांना, स्वतःच्या मुलीला अनेकदा रंगवून सांगितले होते. आता त्या गोष्टीत माझ्या वाट्याला नेमके काय उरते, ह्याचा हिशेब करीत मी त्या रिकाम्या होत चाललेल्या खोलीत उभा राहिलो. फळा वडिलांचा, गजर आईचा. माझी फक्त पेन्सिल. तीही वाजत राहावी म्हणून कुणीतरी समोर खडे नसलेले तांदूळ निवडत होते.

आता दोघेही नाहीत. हिरवे घड्याळ माझ्या टेबलावर आहे. ते वेळ बरोबर दाखवते. गजराची कमान मी मुद्दाम बसवून घेतली नाही.

२०२४ च्या दिवाळीत माझी नात दहावीला होती. आमचे घर तिच्या शाळेला जवळ, म्हणून परीक्षेपर्यंत ती आमच्याकडेच राहायला आली. तिचे वेळापत्रक फोनवर होते. आमच्या वेलबुट्टीहून ते कितीतरी सुंदर! प्रत्येक विषयाला निराळा रंग. वेळ झाली की फोन गोड आवाजात आठवण करी. काम झाले की हिरवी खूण, राहिले की तांबडी. दिवाळीचे चार दिवस मी पाहत होतो. फोन किणकिणे, तिचे बोट त्याच्यावरून सफाईने फिरे, आणि किणकिण थांबे. पाडव्यापर्यंत साऱ्या पडद्यावर तांबड्या खुणांचे जणू कुंकू सांडले. भाऊबीजेच्या रात्री ती हिरमुसून माझ्याजवळ येऊन बसली.

“आजोबा, सगळं बिघडलं. मी हे डिलीट करते आणि नवीन करते.”

“कधीपासून?”

“सोमवारपासून,” ती म्हणाली.

मला एकदम पितळी डब्यातल्या चकल्यांचा वास आला. मी तिला मेढ्याच्या गाडीची गोष्ट सांगितली. अण्णा रंगीत फळा करायला निघाले त्या ठिकाणी ती, मी हसलो होतो तशीच, खळखळून हसली, आणि मी गप्प झालो होतो तशीच थोड्या वेळाने गप्प झाली. नवे वेळापत्रक तिने केले नाही. जुन्यातल्याच पुष्कळशा ओळी काढून टाकल्या.

गुरुवारी, ७ नोव्हेंबरला, रात्री निजायला जाताना ती माझ्या दाराशी घुटमळली.

“आजोबा, फोनचा गजर मी झोपेतच बंद करते. मला कळतसुद्धा नाही. उद्यापासून तुम्ही उठवाल? साडेचारला?”

“उद्या शुक्रवार आहे,” मी म्हणालो.

“असू दे ना.”

ती निजायला गेली. माझे वय आता सहासष्ट. झोप आधीच नाजूक. मध्यरात्री एकदा मोडली की कावळ्यांबरोबरच परत यायची. डॉक्टरांनी सात तास झोप घ्या म्हणून बजावलेले. मी हिरव्या घड्याळाकडे पाहिले, त्याला चावी दिली आणि दिवा मालवला. एक मोठी चिंता मनात होती: जाग नाही आली तर?

अंधारात डोळे उघडले तेव्हा काटे दिसेनात. उठून दिव्याखाली घड्याळ धरले. चार वाजून वीस मिनिटे झाली होती. स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले, आणि मग तिच्या खोलीत जाऊन मी तिला हलवून म्हणालो,

“वाजला गं गजर. ऊठ.”